प्रस्तावना : बोरीवरचा

दर हिवाळ्यात मला साधारण एकाच मजकुराचे दहा-बारा निरोप येतात. ‘गावी गेलो होतो. रानात एक पक्षी दिसला. चिमणीएवढा, तपकिरी. फोटो नीट आला नाही. काय असेल?’ सोबतच्या फोटोत भरपूर निळं आभाळ, एक वाळकी काटकी आणि तिच्या टोकाला बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका. मी उलट विचारतो, कशावर बसला होता? शेपटीचं काय करत होता? खाली उतरला तर चालला की उड्या मारल्या? यावर बहुधा उत्तर येत नाही. रंग मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो, आणि तो प्रत्येकाला तपकिरीच दिसलेला असतो.

हे पुस्तक म्हणजे त्या निरोपांना उशिरा दिलेलं उत्तर आहे. यात मोर नाही, धनेश नाही, स्वर्गीय नर्तकही नाही. सासवड, जेजुरी मागे टाकून सुप्याकडे निघालं की कोरडा माळ सुरू होतो आणि बारामती, इंदापूर, कर्जत असा तुकड्यातुकड्यांनी सोलापूरपर्यंत जातो. त्या माळावरचे आणि त्याला लागून असलेल्या ज्वारी-करडईच्या रानातले लहान पक्षी, एवढीच या पुस्तकाची हद्द. लहान म्हणजे बुलबुलाहून लहान. काळवीट बघायला रेहेकुरीला किंवा माळढोकाच्या आशेने नान्नजला जाणारा माणूस गाडीच्या काचेतून ज्यांना ‘चिमण्या असतील’ म्हणून सोडून देतो, ते हे पक्षी.

माझी स्वतःची यांच्याशी पहिली ओळख चुकीची झाली होती. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या रानात गेलो होतो. बांधावर बोरीची जाळी होती आणि तिच्या सगळ्यात वरच्या काडीवर एक पक्षी ताठ बसलेला. मध्येच जमिनीवर झेप घ्यायचा, काहीतरी टिपायचा आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन शेपटी झटकायचा. हातात उसनी दुर्बीण होती, पण ती कशी धरायची हेही धड कळत नव्हतं.

“मामा, हा कोणता पक्षी?”

“कोणता म्हंजे? बोरीवरचा.”

“नाव काय पण त्याचं?”

“नाव कशाला पायजे? रोज हितंच आसतो. दिवाळीच्या आगंमागं येतो, शिमगा झाला का जातो. पलीकडच्या बोरीवर ह्याचा भाऊबंद हाय. त्यो हितं आला का ह्यो त्याला हुसकून लावतो.”

मला मामाची जरा कीवच आली. सगळा जन्म रानात गेला आणि पक्ष्याचं नाव माहीत नाही! पुण्याला परतल्यावर पुस्तकातली चित्रं चाळली, त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते निवडलं आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं : चीरक, मादी. पुढचा सगळा हिवाळा मी त्या नोंदीवर खूश होतो. चीरक हा बारमाही पक्षी, शिमगा झाला म्हणून तो कुठे जात नाही. तो झुडपाच्या शेंड्यापेक्षा जमिनीवर, दगडांत, पडक्या भिंतीच्या आसपास जास्त रमतो. म्हणजे मामाच्या त्या दोन वाक्यांतच चीरक बाद झाला होता. चैत्रात पुन्हा गेलो तेव्हा बोर मोकळी होती, आणि तेव्हा कुठे मला शंका आली. पक्षी गप्पीदास होता. दूर उत्तरेतून हिवाळा काढायला येणारा.

माझ्याकडे नाव होतं आणि पक्षी नव्हता. मामाकडे पक्षी होता, फक्त नाव नव्हतं. त्याची जागा, त्याचा काळ, त्याची बसण्याची तऱ्हा, त्याची भांडणं, सगळं मामाला पाठ होतं. त्यावर नाव चिकटवायला पाच मिनिटं पुरली असती.

गावाकडे लांबून येणारा माणूस आपण तोंडावरून ओळखत नाही. तोंड दिसेपर्यंत तो वेशीत आलेला असतो. त्याआधीच कोणीतरी म्हणतं, ‘आबा आले वाटतं.’ कशावरून? चालीवरून. एका खांद्याच्या झुकण्यावरून, धोतराचा सोगा धरण्यावरून. पक्ष्याचंही तसंच आहे. मी याला ढब म्हणतो. अंगाचा बांधा, बसण्याची पद्धत, शेपटीची हालचाल, उडण्याचा ताल, हे सगळं मिळून ढब. पन्नास पावलांवरच्या चिमणीएवढ्या पक्ष्याचा रंग ऊन बदलेल तसा बदलतो. सूर्य त्याच्या पाठीमागे असेल तर पिवळाधमक पक्षीही काळा दिसतो. ढब उन्हाने बदलत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक पक्ष्याच्या पानावर आधी ढब दिली आहे आणि रंग मागून येतो. पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचलेल्या एका मित्राला हे उलटं वाटलं. मला ते सुलटं वाटतं.

चोचीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे घोळ कमी आहे. आखूड, जाड, तिकोनी चोच दाणे फोडणाऱ्याची : चिमणी, सुगरण, मुनिया, भारीट. बारीक, टोकदार चोच किडे टिपणाऱ्याची : वटवट्या, शिंपी, गप्पीदास, तीरचिमणी. लांब, बाकदार आणि सुईसारखी असेल तर शिंजीर. चोच एकदा दिसली की पुस्तकाची निम्मी पानं बाजूला पडतात. आकारासाठी इंच-सेंटिमीटर विसरा, ते रानात कुणालाच दिसत नाहीत. चिमणीहून लहान की मोठा, एवढं पुरे. तेही शेजारी तुलनेला दुसरा पक्षी असेल तरच खात्रीने सांगावं. मोकळ्या आभाळापुढे बसलेल्या पक्ष्याच्या आकाराचा अंदाज सहज चुकतो.

भारतातली पक्षी-ओळखीची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्टही अशाच एका न ओळखलेल्या लहान पक्ष्याची आहे. सलीम अली दहा-बारा वर्षांचे असतील. खेळण्यातल्या एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. हातात घेतली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी पूर्वी पाहिलेली नव्हती. ही खाल्लेली चालेल का, असा प्रश्न घेऊन मुलगा आपल्या मामाकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे गेला. अनाथ झालेल्या या मुलाला त्यांनीच वाढवलं होतं आणि ते स्वतः हौशी शिकारी होते. त्यांनाही ती चिमणी सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी पाहिला आणि सांगितलं, ही रानचिमणी. पण ते तिथे थांबले नाहीत. कपाटांचे कप्पे उघडून त्यांनी जतन केलेल्या एकामागून एक चिमण्या मुलापुढे ठेवल्या आणि कोणती कोणापासून कशी वेगळी, ते दाखवलं. ही गोष्ट १९०८ च्या सुमाराची. १९४१ मध्ये सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि १९८५ मध्ये आत्मचरित्र. त्या आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी ती चिमणी ठेवली.

हा प्रसंग सांगताना लोक पिवळ्या गळ्यावर भर देतात. मला त्यातले कप्पे महत्त्वाचे वाटतात. एक पक्षी एकटा ओळखता येत नाही. त्याच्यासारखे दिसणारे दोन-तीन शेजारी माहीत असतील, तरच हा ‘तो’ आहे असं म्हणता येतं. मिलार्डसाहेबांनी मुलाला एक चिमणी सांगितली नाही, चिमण्यांची भावकी दाखवली.

तशीच एक भावकी माळावर आहे आणि नवशिक्याची दांडी तिथेच उडते. तीन मादी पक्षी. तिन्ही चिमणीच्या मापाचे, तिन्ही तपकिरी, तिन्ही शेपटी हलवणारे. चीरकाची मादी, कवड्या गप्पीदासाची मादी आणि साध्या गप्पीदासाची मादी. यांच्या नरांबद्दल कुणी फोन करत नाही. चीरकाचा नर काळा तुकतुकीत, पंखांवर पांढरी रेघ. कवड्या गप्पीदासाचा नरही काळा, पण कमरेवर, शेपटीखाली आणि पंखावर पांढरा. साध्या गप्पीदासाच्या नराचं डोकं काळं, मानेच्या बाजूला पांढरा पट्टा, छाती तांबूस. पुस्तकंही या नरांवर लट्टू असतात. नराला पानभर चित्र, आणि मादी कोपऱ्यात, ‘फिकट’ या एका शब्दात उरकलेली. रानात मात्र निम्म्या वेळा मादीच समोर येते. या पुस्तकात तिला पूर्ण पान दिलं आहे.

आता त्या तिघींकडे बघू. पक्षी जमिनीवर, दगडावर किंवा पडक्या भिंतीवर असेल, शेपटी वर उभारून पाठीकडे नेत असेल आणि त्या उभारलेल्या शेपटीखाली तांबडा रंग दिसत असेल, तर ती चीरक. बाकी अंग राखी-तपकिरी, कुठे रेघ नाही. पक्षी झुडपाच्या शेंड्यावर किंवा ज्वारीच्या ताटावर असेल तर थांबा आणि तो उडण्याची वाट बघा. उडताना पाठ दिसते. कमर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची आणि पाठ गडद, बिनरेघांची असेल तर कवड्या गप्पीदासाची मादी. ही इथलीच, पावसाळ्यातही दिसेल. पाठीवर गडद रेघा, कमर फिकट, गळा फिक्कट, डोळ्यावर पुसट भुवई असेल तर साधी गप्पीदास, आणि मग तारीख बघा. जून महिना असेल तर तुमचं काहीतरी चुकलं आहे.

यात आणखी एक मेख आहे. साधा गप्पीदास शरदात येतो तेव्हा नराचं डोकंही काळं नसतं. नव्या पिसांची टोकं मातकट असतात आणि खालचा काळा रंग त्यांनी झाकलेला असतो. हिवाळाभर ही टोकं झिजत जातात आणि काळं डोकं हळूहळू वर येतं. म्हणजे पिसं न बदलता, नुसती झिजून, पक्षी देखणा होतो. कार्तिकात मी ‘मादी’ म्हणून नोंदलेला पक्षी माघात त्याच काडीवर नर होऊन बसलेला मी पाहिला आहे. सुगरणीचा नर वेगळ्या रीतीने फसवतो. पावसाळ्यात त्याचं डोकं हळदीने माखल्यासारखं असतं आणि विणीचा हंगाम सरला की तो चिमणीच्या मादीसारखा होऊन थव्यात मिसळतो. जांभळा शिंजीरही विणीनंतर चकाकी टाकतो, पण गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ मागे ठेवतो. तेवढ्यावर तो पकडला जातो.

चंडोलांबद्दल मी या पुस्तकात जरा जास्तच लिहिलं आहे, हा पक्षपात मान्य. नांगरलेल्या रानात ढेकळांत ढेकूळ होऊन बसलेला पक्षी पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. त्यातला डोंबारी माझा लाडका. नराचा माथा राखी, पोट आणि डोळ्याची पट्टी काळी, पाय इतके आखूड की चालताना सरपटतो असं वाटतं. पण विणीच्या दिवसांत तो पंख फडफडवत सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली सुटतो, जमिनीच्या अलीकडे पुन्हा उसळी घेतो आणि पायऱ्या उतरावं तसा शीळ घालत खाली येतो. हे नाव ज्याने ठेवलं त्याने डोंबाऱ्याचा खेळ आणि हा पक्षी दोन्ही नीट पाहिलेले होते. तीरचिमणीला लोक हमखास चंडोल म्हणतात. तीरचिमणी शिडशिडीत, उंच पायांची, धोबी पक्ष्याची चुलत बहीण. ती तुरुतुरु चालते आणि थांबली की शेपटी खाली-वर करते. चंडोल ठेंगणा, चोचीने जाड.

तुऱ्याचे चंडोल आपल्याकडे दोन. सह्याद्रीच्या ओल्या बाजूला मलबारी चंडोल, छातीवर ठसठशीत रेघांचा. कोरड्या दख्खनवर साईक्सचा चंडोल, अंगाने तांबूस, छातीवर मोजक्या बारीक रेघा. कर्नल साईक्स कंपनी सरकारच्या नोकरीत दख्खनची मोजदाद करत फिरला आणि १८३२ मध्ये त्याने इथल्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली. त्या यादीतच या चंडोलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. म्हणजे सुप्याच्या माळावर आपण ज्याला ‘काहीतरी चिमणीसारखं’ म्हणतो, त्याची ओळख लिहून ठेवल्याला दोनशे वर्षं होत आली. हा गडी इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. तेव्हा नुसत्या आवाजावर भरवसा ठेवणाऱ्यांनी सांभाळून.

आवाजावरून आठवलं. हल्ली मोबाइलमधलं ‘मर्लिन’ हे अ‍ॅप आवाज ऐकून नाव सांगतं. मी ते वापरतो आणि वापरू नका असं म्हणणार नाही. पण ते जे सांगतं त्याला गावातल्या उडत्या बातमीइतकाच मान द्यावा. बातमी खरी असते बऱ्याचदा, तरी कुणाकडून आली ते विचारून घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे आवाज वाजवून पक्ष्याला बोलवू नका. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं हद्दीत परका घुसला, आणि तो घरटं सोडून तुमच्या खिशातल्या शत्रूशी भांडत बसतो.

वही मात्र हवीच. पुस्तक उघडण्याआधी लिहायचं. तारीख, वेळ, जागा, कशावर बसला, काय करत होता, शेपटी, चोच, आवाज, मग रंग. पुस्तक आधी उघडलं की डोळ्यांना चित्रातला पक्षी दिसायला लागतो आणि काडीवरचा दिसेनासा होतो. आणि खात्री नसेल तर सरळ ‘ओळख पटली नाही’ असं लिहावं. माझ्या वह्यांत अशा नोंदी भरपूर आहेत.

तारीख आणि जागा खोटी लिहिली तर काय होतं, याचा दाखला आपल्याच खानदेशात आहे. रानपिंगळा हा साध्या पिंगळ्याएवढा लहान घुबड. त्याचं वर्णन १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे काही नमुने जमवले आणि १८८४ नंतर पक्षी कुणाच्या हाती लागला नाही. फक्त एक नमुना १९१४ चा, गुजरातमधल्या मांडवीचा, कर्नल माइनर्ट्झहॅगन यांच्या नावावर. शोधणारे त्या नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे शोधत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा उघड झालं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. ती चिठ्ठी बाद करून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट डेव्हिडसनच्या जुन्या मुलखात गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला भर दिवसा रानपिंगळा समोर बसलेला सापडला. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचा माथा जवळजवळ कोरा. ११३ वर्षांनी झालेली ओळख त्या ठिपक्यांच्या नसण्यावर पटली. त्या भागातल्या कुणी गुराख्याने तो एवढ्या वर्षांत पाहिला नसेल, असं मला वाटत नाही. त्याला कुणी विचारलं नसावं.

नावांविषयी एक खुलासा. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’ने मराठीला पक्ष्यांच्या नावांचं मोठं भांडार दिलं. त्यातली आणि रानात ऐकू येणारी नावं मी शक्य तिथे वापरली आहेत. जिथे नाव दर दहा कोसांवर बदलतं तिथे एकाचा आग्रह धरलेला नाही. माळाबद्दलही एवढंच सांगतो की सरकारदप्तरी तो ‘पडीक’ असतो, म्हणून उत्साही मंडळी पावसाळ्यात तिथे खड्डे खणून झाडं लावतात. झाडं जगली की डोंबारी जातो. त्याला मोकळी जमीनच लागते.

चित्रांचा पहिला संच तयार झाला तेव्हा मी तो घेऊन मामाकडे गेलो. चित्रकाराने पक्षी फार सुरेख काढले होते, पांढऱ्या कागदावर, एका बाजूने, पीस न् पीस मोजून घ्यावं असे. मामाची नजर आता अधू झाली आहे. त्याने चष्मा पुसून गप्पीदासाचं चित्र उन्हात धरलं, बराच वेळ बघितलं.

“ह्यो कोण?”

“बोरीवरचा, मामा.”

“आसं व्हय. मंग बोर कुठाय?”

चित्रकाराला मी ते तसंच जाऊन सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला आणि सगळी चित्रं पुन्हा काढायला घेतली. पुस्तक त्यामुळे दीड वर्ष लांबलं. आता गप्पीदास बोरीच्या शेंड्यावर आहे, चीरक दगडी तालीवर, डोंबारी ढेकळांत, आणि तो पहिल्या नजरेला सापडणार नाही.